‘व्हर्टिगो’: विस्मृतीतून शिखराकडे

रहस्यपटाचा शेवट कुणालाही सांगू नये, हा चित्रपटप्रेमींमधला जुना, अलिखित शिष्टाचार आहे. शेवट कळला की चित्रपटाचा प्राणच गेला, अशी त्यामागची समजूत. ती खरी मानली तर जुने रहस्यपट पुन्हा पाहण्यात काहीच अर्थ उरत नाही. खुनी कोण हे ठाऊक असताना दोन तास कशासाठी खर्च करायचे? या प्रश्नाला सर्वांत समर्पक उत्तर देणारा चित्रपट म्हणजे आल्फ्रेड हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’. आपले रहस्य तो स्वतःच फोडतो आणि तेही शेवटचा सुमारे अर्धा तास बाकी असताना!

९ मे १९५८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे या चित्रपटाचा पहिला खेळ झाला. समीक्षकांनी त्याचे थंडपणे स्वागत केले आणि प्रेक्षकांचा प्रतिसादही बेताचाच राहिला. पुढे तर अनेक वर्षे तो वितरणातच नव्हता. मात्र २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरातील समीक्षक, अभ्यासक आणि चित्रपट-संयोजकांचा कौल घेतला, तेव्हा आजवरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून पहिली पसंती मिळाली ती ‘व्हर्टिगो’ला. विस्मृतीपासून शिखरापर्यंतचा हा प्रवास जुना रहस्यपट पुन्हा ‘सापडतो’ म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी उद्बोधक आहे.

रहस्य आणि उत्कंठा

मराठीत ‘रहस्यपट’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्रकारांसाठी वापरला जातो. पहिला प्रकार कोड्याचा. खून झाला आहे, संशयित पाच-सहा आहेत, खरा गुन्हेगार शेवटी उघड होतो. दुसरा प्रकार उत्कंठेचा. येथे धोका कोणता हे प्रेक्षकाला ठाऊक असते, पडद्यावरील पात्राला मात्र नसते. फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ मध्ये हिचकॉकची प्रदीर्घ मुलाखत घेतली. तीत हिचकॉकने हा भेद एका साध्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे. टेबलाभोवती माणसे गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्बचा स्फोट होतो. प्रेक्षकाला धक्का बसतो, पण तो काही सेकंदांचा. बॉम्ब ठेवला आहे आणि तो किती वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितले, तर मात्र त्याच निरर्थक गप्पा त्याला पंधरा मिनिटे खुर्चीला खिळवून ठेवतात.

कोड्याचा चित्रपट एकदा सुटला की बहुधा सुटतोच. उत्कंठेच्या चित्रपटाचे तसे नाही. त्याची ताकद माहिती दडवण्यात नसून ती कुणाला, कधी द्यायची यात असते. म्हणूनच तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहता येतो. ‘व्हर्टिगो’ची कथा या भेदावरच उभी आहे.

कथानक आणि एक धाडसी निर्णय

(ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी येथून दोन परिच्छेद वगळले तरी चालतील.) जॉन फर्ग्युसन ऊर्फ स्कॉटी हा सॅन फ्रान्सिस्कोतील गुप्त पोलीस. छतांवरील एका पाठलागात तो पन्हाळीला लोंबकळत राहतो आणि त्याला वाचवू पाहणारा सहकारी खाली कोसळून मरतो. तेव्हापासून स्कॉटीला उंचीची विलक्षण भीती आणि भोवळ यांनी ग्रासले आहे. नोकरी सोडलेल्या स्कॉटीला त्याचा जुना कॉलेजमित्र गेव्हिन एल्स्टर आपल्या पत्नीवर, मॅडेलिनवर, पाळत ठेवायला सांगतो. आत्महत्या केलेल्या कार्लोटा वाल्डेझ नावाच्या पणजीने तिला झपाटले आहे, असे एल्स्टरचे म्हणणे. पाळत ठेवता ठेवता स्कॉटी तिच्या प्रेमात पडतो. अखेर एका जुन्या मिशनच्या घंटाघरावर ती धावत चढते. भोवळीमुळे स्कॉटी अर्ध्या जिन्यात अडकतो आणि तिचा देह खाली कोसळताना त्याला दिसतो.

उद्ध्वस्त झालेल्या स्कॉटीला काही काळाने रस्त्यात ज्युडी बार्टन नावाची एक साधी, दुकानात काम करणारी तरुणी दिसते. तिचा चेहरा हुबेहूब मॅडेलिनसारखा. येथेच हिचकॉक रहस्य उघड करतो. ज्युडी एकटी असताना स्कॉटीला पत्र लिहायला बसते आणि आपल्याला सारे कळते. एल्स्टरने आपल्या खऱ्या पत्नीचा खून केला होता, मॅडेलिनचे सोंग ज्युडीनेच वठवले होते आणि उंचीला भिणारा स्कॉटी हा त्या कटातला सोयीचा साक्षीदार होता. ज्युडी ते पत्र फाडून टाकते. पुढे स्कॉटी तिला मॅडेलिनसारखे कपडे, तिच्यासारखे केस, तिच्यासारखी चाल घ्यायला भाग पाडतो. ज्युडीचे खरोखरच त्याच्यावर प्रेम असल्यामुळे ती ते सहन करते.

पियेर ब्वालो आणि तोमा नार्सजाक या फ्रेंच लेखकद्वयाच्या १९५४ मधील ज्या कादंबरीवर चित्रपट आधारलेला आहे, तीत हा उलगडा अगदी शेवटी होतो. चित्रपटात तो आधी आणावा की नाही, यावर निर्मितीच्या वेळीही वाद झाला होता. पत्राचा प्रसंग अखेर कायम राहिला आणि त्याने चित्रपटाचे स्वरूपच बदलले. ‘ही कोण?’ हा प्रश्न तेथे संपतो. ‘त्याला कळेल तेव्हा तिचे काय होईल?’ हा नवा आणि अधिक क्लेशकारक प्रश्न सुरू होतो. तोवर आपण स्कॉटीच्या नजरेने पाहत असतो. त्यानंतर आपण ज्युडीच्याही बाजूला असतो.

१९५८ मध्ये काय बिनसले?

तत्कालीन अमेरिकी परीक्षणांत दोन आक्षेप पुन्हा पुन्हा येतात. चित्रपट संथ आहे आणि कथानक अशक्य कोटीतले आहे. रहस्य आधीच फोडल्याने कोड्याच्या अपेक्षेने आलेला प्रेक्षकही गोंधळला. ‘रिअर विंडो’सारख्या चटपटीत, विनोदाची पखरण असलेल्या चित्रपटांमुळे हिचकॉककडून जी अपेक्षा निर्माण झाली होती, तीत ‘व्हर्टिगो’ची उदासी बसत नव्हती. नायक जेम्स स्टुअर्ट तेव्हा पन्नाशीला पोचला होता आणि नायिका किम नोव्हॅक पंचवीस वर्षांची होती. हे अंतरही अनेकांना खटकले. ऑस्करसाठी चित्रपटाला कलादिग्दर्शन आणि ध्वनी या दोनच विभागांत नामांकने मिळाली. पुरस्कार एकही मिळाला नाही. बर्नार्ड हरमनचे संगीत आज चित्रपटसंगीताच्या इतिहासातील मानदंड मानले जाते. त्याला नामांकनही नव्हते.

पाच ‘बेपत्ता’ चित्रपट

‘व्हर्टिगो’ दृष्टीआड होण्यामागे केवळ अपयश नव्हते, हक्कांचा व्यवहारही होता. पॅरामाउंट कंपनीशी झालेल्या करारांनुसार काही चित्रपटांचे हक्क ठराविक वर्षांनी हिचकॉककडे परत येत असत. ‘रिअर विंडो’ (१९५४), ‘द ट्रबल विथ हॅरी’ (१९५५), ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६) आणि ‘व्हर्टिगो’ हे चार चित्रपट आणि त्याच्या स्वतःच्या कंपनीने काढलेला ‘रोप’ (१९४८) असे पाच चित्रपट त्याने सत्तरच्या दशकात वितरणातून काढून घेतले. २९ एप्रिल १९८० रोजी हिचकॉकचे निधन झाले, तेव्हाही ते बंदच होते. चित्रपटरसिकांत ‘पाच हरवलेले हिचकॉक’ अशी त्यांची ख्याती झाली. या पाचपैकी चार चित्रपटांचा नायक जेम्स स्टुअर्टच होता, हा एक लक्षणीय योगायोग.

युनिव्हर्सल कंपनीने हे हक्क मिळवून १९८३-८४ मध्ये पाचही चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आणले. एक संपूर्ण नवी पिढी ते प्रथमच पाहत होती. परंतु पुनःप्रदर्शनाबरोबर कोर्टकज्जाही आला. ‘रिअर विंडो’ कॉर्नेल वूलरिच या लेखकाच्या १९४२ मधील कथेवर आधारित होता. वूलरिच १९६८ मध्ये, कथेच्या स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणाची वेळ येण्यापूर्वीच वारला. नूतनीकरणानंतर ते हक्क शेल्डन एबेंड या साहित्य-प्रतिनिधीने अवघे ६५० डॉलर आणि उत्पन्नातील दहा टक्के वाटा या मोबदल्यात घेतले आणि चित्रपटाच्या नव्या प्रदर्शनाला आव्हान दिले. ‘स्टुअर्ट विरुद्ध एबेंड’ हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० मध्ये निकाल एबेंडच्या बाजूने लागला. मूळ कथेचा नूतनीकृत हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्या संमतीवाचून जुना चित्रपटही पुन्हा दाखवता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. जुना चित्रपट पुन्हा पाहायला मिळणे हे केवळ रसिकांच्या इच्छेवर अवलंबून नसते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

समीक्षकांनी जपलेली आठवण

चित्रपट पडद्यावर नव्हता त्या काळातही त्याचे नाव वाढत राहिले, ते लेखनामुळे. ‘काहिए द्यू सिनेमा’ या फ्रेंच नियतकालिकातील तरुण समीक्षक हिचकॉकला निव्वळ करमणूकदार न मानता कलावंत मानत होते. एरिक रोमेरने ‘व्हर्टिगो’वर गांभीर्याने लिहिले. इंग्रजीत रॉबिन वुडचे हिचकॉकवरील पुस्तक १९६५ मध्ये आले. त्याने ‘व्हर्टिगो’ला थेट श्रेष्ठ कलाकृतींच्या पंक्तीत बसवले. दिग्दर्शकांवरही ठसा उमटत होता. ब्रायन डी पाल्माचा ‘ऑब्सेशन’ (१९७६) हा उघडच ‘व्हर्टिगो’च्या छायेतला आणि त्याचे संगीतही हरमनचेच. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करने ‘सां सोलेय’ (१९८३) मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘व्हर्टिगो’च्या स्थळांची अक्षरशः यात्राच केली.

‘साइट अँड साउंड’चा कौल दर दहा वर्षांनी होतो. १९६२ आणि १९७२ मध्ये पहिल्या दहांत ‘व्हर्टिगो’चा पत्ता नव्हता. १९८२ मध्ये, म्हणजे चित्रपट वितरणात नसतानाच, तो सातव्या स्थानी विभागून आला. १९९२ मध्ये चौथा, २००२ मध्ये ‘सिटिझन केन’च्या पाठोपाठ दुसरा आणि २०१२ मध्ये १९१ मतांसह पहिला. ‘सिटिझन केन’ला तेव्हा १५७ मते मिळाली. पन्नास वर्षे अढळ असलेले त्याचे पहिले स्थान असे गेले.

रंग उडालेला चित्रपट

हक्क सुटले, कीर्ती आली, तरी चित्रफितीची अवस्था बिकट होती. ‘व्हर्टिगो’ व्हिस्टाव्हिजन या पद्धतीने चित्रित झाला होता. तीत फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते आणि प्रत्येक चौकट नेहमीपेक्षा सुमारे दुप्पट मोठी मिळते. तपशिलाची श्रीमंती त्यामुळेच. पण त्या काळातील रंगीत निगेटिव्हचे रंग काळाच्या ओघात फिके पडत गेले होते. रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ या जोडीने सुमारे दोन वर्षे खपून, दहा लाख डॉलरहून अधिक खर्चाने चित्रपटाचे पुनरुज्जीवन केले आणि १९९६ मध्ये तो सत्तर मिलिमीटरमध्ये पडद्यावर आणला. मूळ रंगछटा कशा होत्या, हे ठरवण्यासाठी त्यांनी जुन्या वेशभूषा तपासल्या. चित्रपटातील एका मोटारीच्या हिरव्या रंगाचा जतन झालेला नमुनाही उत्पादक कंपनीकडून मिळवला. ‘व्हर्टिगो’त हिरवा रंग मॅडेलिनशी इतका जोडलेला आहे की ही दक्षता अनाठायी म्हणता येत नाही.

टीका झाली ती ध्वनीवर. नव्या बहुध्वनी पद्धतीसाठी पावलांचे, बंदुकीच्या गोळ्यांचे आणि इतर अनेक आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. जुन्या ध्वनिपट्टीची सवय असलेल्या जाणकारांना ते परके वाटले. हा आक्षेप तांत्रिक वाटला तरी मुळाशी जाणारा आहे. हरवलेली स्त्री परत मिळावी म्हणून दुसऱ्या स्त्रीला तिच्या साच्यात बसवणाऱ्या पुरुषाची ही कथा. तिचेच पुनरुज्जीवन करताना जतन कोठे संपते आणि नवनिर्मिती कोठे सुरू होते, ही सीमारेषा आखणे भाग होते. मूळ ध्वनिपट्टी हाताशी ठेवावी आणि नवी आवृत्ती नवी म्हणून ओळखावी, एवढा धडा त्यातून घेता येतो.

पुन्हा पाहताना

शेवट माहीत असताना ‘व्हर्टिगो’ पाहिला की पूर्वार्ध पूर्णपणे बदलतो. पहिल्या वेळी आपण स्कॉटीसोबत एका गूढ स्त्रीचा पाठलाग करतो. फुलांचे दुकान, मिशन डोलोरेसची दफनभूमी, लिजन ऑफ ऑनर संग्रहालयातील कार्लोटाचे चित्र अशी ही भ्रमंती जवळजवळ संवादाविना चालते. दुसऱ्या वेळी तीच दृश्ये वेगळे काही सांगू लागतात. ही स्त्री पाठलाग होतो आहे हे जाणून वावरते आहे. तिच्या अंबाड्याचे वळण चित्रातल्यासारखे असणे, हातातला पुष्पगुच्छ तसाच असणे, हा अभिनय आहे. म्हणजे किम नोव्हॅक एकाच वेळी तीन पातळ्यांवर काम करते. ती ज्युडी आहे, ज्युडीने वठवलेली मॅडेलिन आहे आणि पुढे स्कॉटीने घडवलेली मॅडेलिनही आहे. घंटाघराकडे धावण्यापूर्वीचे तिचे शब्द पहिल्या वेळी झपाटलेल्या स्त्रीचे वाटतात. दुसऱ्या वेळी त्यांत कटातून बाहेर पडू न शकणाऱ्या ज्युडीची तगमग ऐकू येते.

तंत्रातील दोन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. पहिली अर्थातच भोवळीचे दृश्य. कॅमेरा एका दिशेने सरकवायचा आणि त्याच वेळी भिंगाचा झूम उलट दिशेने फिरवायचा, या युक्तीने जिन्याची खोली डोळ्यांदेखत ताणली जाते. दुसऱ्या पथकाचा छायालेखक अर्मिन रॉबर्ट्स याने हे दृश्य साधले. खऱ्या जिन्यात ते चित्रित करणे फार खर्चाचे होते. म्हणून जिन्याची छोटी प्रतिकृती आडवी ठेवून काम भागवले. त्यासही त्या काळी १९,००० डॉलर लागले, असे हिचकॉकने त्रुफोला सांगितले होते. पुढे स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘जॉज’सह (१९७५) असंख्य चित्रपटांनी ही युक्ती वापरली. दुसरी गोष्ट म्हणजे हॉटेलच्या खोलीतील हिरवा निऑन प्रकाश. मॅडेलिनच्या रूपात पूर्ण सजलेली ज्युडी त्या धूसर हिरव्या उजेडातून पुढे येते, तेव्हा हरमनचे संगीत शब्दांची जागा घेते. स्कॉटीचा विजय आणि ज्युडीचा पराभव एकाच क्षणी दिसतो.

सॉल बासची शीर्षके आणि त्यांतील जॉन व्हिटनीची फिरती सर्पिलेही दुसऱ्या पाहण्यात अर्थपूर्ण होतात. केसांचा अंबाडा, झाडाच्या बुंध्यातील वलये, जिना या सर्वांत तोच आकार आहे.

उणिवा आणि आक्षेप

शिखरावर बसवलेला चित्रपट निर्दोष असतो असे नव्हे. एल्स्टरचा कट अविश्वसनीय आहे. स्कॉटी नेमका अर्ध्या जिन्यातच थांबेल, ही खात्री कुणी कशी धरावी? आरंभी पन्हाळीला लोंबकळणारा स्कॉटी खाली कसा उतरला, हे चित्रपट कधीच सांगत नाही. बार्बरा बेल गेडेसने साकारलेली मिज ही चित्रपटातील सर्वांत शहाणी, ममताळू व्यक्तिरेखा. ती उत्तरार्धातून जवळजवळ नाहीशीच होते. एल्स्टरच्या शोधाची बातमी मिज रेडिओवर ऐकते, असा एक जादा शेवट परदेशी सेन्सॉरच्या समाधानासाठी चित्रित झाला होता. तो मूळ चित्रपटात नाही आणि नाही तेच बरे.

गंभीर आक्षेप नजरेविषयीचा आहे. लॉरा मल्वीने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात चित्रपट स्त्रीला पुरुषी नजरेची वस्तू कशी बनवतो, याचे विवेचन करताना ‘व्हर्टिगो’चा दाखला दिला आहे. हा चित्रपट त्या नजरेचा समर्थक की तिच्यावरचे भाष्य, यावर एकमत नाही. मात्र ज्युडीचे पत्र हा पुरावा दुर्लक्षिता येत नाही. तो प्रसंग नसता तर आपण अखेरपर्यंत स्कॉटीच्याच डोळ्यांनी पाहिले असते. तो असल्यामुळे, कपड्यांच्या दुकानात स्कॉटी करड्या सूटसाठी हट्ट धरतो तेव्हा प्रेक्षकाला अवघडल्यासारखे होते. १९५८ च्या प्रेक्षकाला नकोसे वाटलेले हे अवघडलेपणच आजच्या प्रेक्षकाला महत्त्वाचे वाटते.

पहिले स्थान गेले, पुढे काय?

२०२२ च्या कौलात शांताल आकरमनच्या ‘जान दिएलमन’ (१९७५) या चित्रपटाने पहिले स्थान घेतले आणि ‘व्हर्टिगो’ दुसऱ्या क्रमांकावर आला. क्रमांक असे बदलतच राहणार. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत १९८९ मध्ये निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत ‘व्हर्टिगो’ होता. त्याच्या जतनाची काळजी तेव्हापासून अधिकृतपणेही घेतली जाते.

हिचकॉकचे जुने रहस्यपट पाहू इच्छिणाऱ्याने ‘व्हर्टिगो’पासून सुरुवात करू नये. ‘रिअर विंडो’ आधी पाहावा. एका चौकाभोवती, एका खिडकीतून उलगडणारी ती कथा हिचकॉकची पद्धत सहज शिकवते. दीर्घ सलग दृश्यांचा प्रयोग म्हणून ‘रोप’ पाहावा. मग ‘व्हर्टिगो’ पाहावा आणि काही दिवस जाऊ देऊन तो पुन्हा पाहावा. पहिल्या वेळी कंटाळवाणा वाटला तरी हरकत नाही. १९५८ मधील अनेक समीक्षकांना तो तसाच वाटला होता. त्याचा खरा परिचय दुसऱ्या वेळी, शेवट पुरता ठाऊक असताना होतो.